नव्याच्या भावानं

"खांद्यावरच न्यायची म्हणत असाल, तर माझ्या खांद्याचा भरवसा धरू नका," असं म्हणून जळबा ओट्यावर बसला, तो बसलाच.

दगडोबाची शिलाई मशीन दारापर्यंत आणून ठेवलेली होती. काळी, पायाने चालवायची, ओतीव लोखंडाच्या स्टँडची. तेरवीची पंगत उठून गेली होती. आत बायका पातेली घासत होत्या आणि अंगणात नेमसिंग, रत्नपाल आणि अनुसयाबाई त्या मशीनकडे बघत उभी होती.

"रीत खांद्याची हाय, जळबाकाका," नेमसिंग म्हणाला.

"हाय ना. मग अध्यक्षानं घ्यावी एक बाजू."

"माझ्या कंबरेत गॅप हाय. डॉक्टरनं वजन उचलू नका म्हणून सांगितलं."

"मग रेडिमेडचे गठ्ठे उचलताना तो गॅप कुठं जाऊन राहिला?"

नेमसिंग हसला, पण वाकला नाही. रत्नपालने खिशातून मोबाईल काढला आणि अनुसयाबाईंकडे पाहिलं. "ऑटो बोलवू का, मावशी?"

"बोलव," अनुसयाबाई म्हणाल्या.

हे आपल्या तोंडून निघताना काहीतरी वाटेल, असं त्यांना आदल्या रात्रीपासून वाटत होतं. पण तसं काही वाटलं नाही. मालाचा ऑटो आला. त्याच्यात मोठ्याने गाणं लागलेलं होतं. रत्नपालने ते बंद करायला सांगितलं, तेव्हा अनुसयाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ते गाणं ऐकूच आलं नव्हतं.

मशीन चढवत असताना दगडोबाची बायको गोजरबाई बाहेर आली. कपाळ मोकळं, डोईवरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तिने मशीनच्या फळीवर एकदा हात फिरवला. मग अनुसयाबाईंना म्हणाली, "आमचे हे रोज म्हणायचे. अंगावरून वारं गेलं, दोन साल खाटेवर पडून होते, जीभ नीट वळत न्हवती. तरी म्हणायचे, गोजरे, माझी मशीन नव्याच्या भावानं जाईल, बघ."

मागायचं म्हणून ती बोलली नव्हती. आठवलं, सांगितलं, इतकंच.

"व्हय. दिवा लागायच्या आत येते मी," अनुसयाबाई म्हणाल्या.

खजिनदार म्हणून हे वाक्य त्यांनी किती दारांत उच्चारलं होतं. पण पदराला पुरते पैसे नसताना उच्चारायची ही पहिलीच वेळ होती.

जवळा बाजारच्या शिलाई कारागीर संघात आता हीच चार माणसं उरली होती. नेमसिंग अध्यक्ष. एके काळी तो शर्टाची कॉलर अशी बसवायचा की हिंगोलीची माणसं कापड घेऊन यायची. आता त्याचं शाळेच्या गणवेशांचं तयार कपड्यांचं दुकान होतं आणि मशीनवर त्याने कित्येक वर्षांत पाय ठेवलेला नव्हता. जळबा कोट-पँटवाला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्याने घरी बसणं पत्करलं. रत्नपाल त्यातला तरुण म्हणायचा, म्हणजे पन्नाशीला आलेला. साडीला फॉल, पिको, पँटची कंबर सैल करणं, चेन बदलणं, यावर त्याचं चालायचं. संघाचं लिहिणं-पुसणं त्याच्याकडे. आणि अनुसयाबाई. ब्लाउज, परकर, लेकरांची झबली.

संघ निघाला तेव्हा बाजाराच्या गल्लीत पाऊल टाकलं की दोन्ही अंगांनी मशीनींचा आवाज यायचा. टेरिकॉट नवीन आलं होतं. पोरं पँटच्या तळाला पायघोळ घेर मागायची आणि म्हातारे त्यांना हसत स्वतःच्या बंड्या शिवायला टाकायचे. दिवाळीच्या आधी टेलर लोक जेवायला घरी जात नसत, घरून भाकरी यायची. अशा दिवसांत या लोकांनी महिन्याला दोन रुपये वर्गणी काढून संघ उभा केला. कोणी आजारी पडला तर त्याचं काम बाकीच्यांनी वाटून शिवायचं, कोणाची मशीन बिघडली तर संघाने तिचा मिस्त्री बघायचा, आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी बायका-लेकरांसह नरसीला जाऊन नामदेवाच्या पाया पडून तिथेच वरण-बट्टीचं जेवण करायचं. एका दिवाळीनंतर तर बँकेत चाळीस हजारांच्या वर शिल्लक पडली होती. त्या वर्षी नरसीला बुंदी झाली. लेकरांनी बुंदी खिशात भरून घेतली आणि नव्या कपड्यांना पाकाचे डाग पडले म्हणून आयांनी त्यांना तिथेच बदडलं, हे अनुसयाबाईंना अजून आठवत होतं.

मशीनची रीत त्याच्याही आधीची. जळबाचा थोरला भाऊ टेलर होता, तो संघातला पहिला मेला. त्याच्या बायकोच्या पदरात चार लेकरं. तिची मशीन संघाने विकत घ्यावी आणि एखाद्या शिकाऊ माणसाला भाड्याने द्यावी, असं ठरलं. भाव काय द्यायचा, याचा आकडा कोणी काढेना. तेव्हा दगडोबा उठला. त्याचं लग्नही झालेलं नव्हतं, पँट अशी की चालताना रस्ता झाडला जायचा. तो म्हणाला, "टेलरची मशीन जुनी होत न्हाई. नव्याचा जो भाव असंल तो द्या." मेलेल्याच्या भावासमोर याला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी माना हलवल्या. नव्या मशीनचा भाव तेव्हा सहाशे रुपये होता.

मग तीच रीत पडली. तेरवीला मशीन दोघांच्या खांद्यावरून बाजारातून न्यायची, संघाच्या खोलीत तिला तेल घालायचं, एका कोऱ्या कापडावर एक शिवण मारायची, आणि दिवा लागायच्या आत नव्याच्या भावाचे पैसे घरच्या बाईच्या पदरात घालायचे. नव्याचा भाव वाढत गेला. वर्गणी वाढवायचं नाव काढलं की लोक काम आठवून उठायचे. ती अकरा रुपयांवर येऊन थांबली. तयार कपडे आले, टेलर पुण्याला राखणदारीला गेले, कोणी डोंगरकड्याला, आपल्या गावी, शेतीत परतले. जे राहिले ते म्हातारे राहिले, आणि म्हातारे होते म्हणून मरत गेले. एकदा रत्नपाल मीटिंगमध्ये बोलून गेला होता की मशीन जुन्या भावाने घेऊ, नाहीतर संघ बुडेल. त्याच्यावर सगळे तुटून पडले. "जा, आता तूच जा त्या बाईच्या दारी अन् सांग, तुझ्या नवऱ्याची मशीन भंगार हाय म्हणून!" रत्नपाल गेला नाही. कोणीच गेलं नाही. मशीनी येत राहिल्या, शिकायला माणसं येईनाशी झाली.

अनुसयाबाईंचा नवरा प्रभू गेला तेव्हा संघाची भरभराट होती. त्याचीही मशीन अशीच खांद्यावरून गेली आणि यांच्या पदरात पैसे पडले. सुतक फिटल्यावर त्या संघाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ती मशीन मला भाड्याने द्या, मी चालवते. तोवर संघात बाई नव्हती. जळबा म्हणाला होता, "पैसे बी घेतले अन् मशीन बी नेऊन राहिली व्हय ही?" दगडोबाने हातातलं काम खाली न ठेवताच सांगितलं, "शिकाऊ माणसाला द्यायची रीत हाय ना? मग ही शिकाऊ. द्या." तेव्हापासून त्या प्रभूच्या मशीनवर बसत होत्या आणि संघाला तिचं भाडं भरत होत्या. इतक्या वर्षांत कितीतरी मशीनी विकत येतील इतकं भाडं गेलं असेल. पण विकत घ्यावी असं त्यांना कधी सुचलंच नाही. नवऱ्याची मशीन विकत घ्यायची म्हणजे काय करायचं, हेच त्यांना उमगत नव्हतं.

संघाची खोली म्हणजे जुन्या दवाखान्याची मागची बाजू. ग्रामपंचायतीने नाममात्र भाड्याने दिलेली. ऑटोतून उतरवलेली मशीन आत ठेवली, तेव्हा भिंतीशी आधीच्या सहा मशीनी ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या फळ्या वाळवीने खाल्लेल्या, पट्टे गळून गेलेले. जळबाने बोटांनी चाचपत दगडोबाच्या मशीनमध्ये तेल सोडलं, चाक फिरवायला गेला. चाक हललं नाही.

"दोन साल उभी राहिली. जाम झाली," तो म्हणाला. "रॉकेल पाजा अन् ऱ्हाऊ द्या."

"शिवण?" रत्नपालने विचारलं.

"चाक फिरल्याबिगर शिवण मारती का कोणी? उद्या मार."

नेमसिंगने खुर्ची ओढली. "शिवणीचं ऱ्हाऊ द्या. पैशाचं बोला. हिंगोलीला विचारलं मी. नवी मशीन स्टँडसकट नऊ हजार आठशे."

अनुसयाबाईंनी ब्लाउजातून रुमाल काढला. आदल्या दिवशी बँकेतून काढलेले तीन हजार पन्नास रुपये त्यात होते. त्यांनी ते टेबलावर ठेवले. इतकेच असतील हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी टेबलावर ते फार थोडे दिसले.

"बाकीचे मी टाकतो," नेमसिंग म्हणाला. "विषय संपवा. माझ्या एका दिवसाच्या गल्ल्यातले हायत."

"न्हाई," अनुसयाबाई म्हणाल्या.

"काहून न्हाई? माझे पैसे काय चोरीचे हायत का?"

"तुमचे हायत, म्हणून न्हाई. तुमी दिले तर ते दान झालं, भाऊ. दगडोबानं दान घ्यायसाठी चाळीस साल वर्गणी भरली न्हाई."

"त्या गोजरबाईला काय कळतंय कोणाचे पैसे हायत ते?"

"मला कळतंय ना."

नेमसिंगने हात झाडले. "मग काढा झाडावरून."

जळबा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो तसाच म्हणाला, "या सहा मशीनी भंगारात घाला. नुसती वाळवी पोसून राहिलो आपण."

त्या सहांतली एक संघाच्या सुरुवातीच्या वर्षांत, जळबाच्या भावाच्या मशीनीपाठोपाठ आलेली होती, एक अनुसयाबाईंना काज-बटण शिकवणाऱ्या म्हाताऱ्याची होती. अनुसयाबाईंनी त्या ओळीकडे बघितलं. कोणती कोणाची, हे त्या डोळे मिटून सांगू शकल्या असत्या. पण सांगायचं कोणाला, आणि सांगून काय करायचं.

"बोलव," त्या रत्नपालला म्हणाल्या. दिवसात दुसऱ्यांदा.

भंगारवाला बाजारातच होता. हातगाडी आणि तराजू घेऊन आला. त्याने एकेक मशीन आडवी करून फळ्या उपटून फेकल्या, कारण लाकूड लोखंडाच्या भावात बसत नाही. मग वजन केलं. सहा मशीनींचे चार हजार दोनशे पन्नास झाले.

"अडीच हजार कमी पडून राहिले," रत्नपाल म्हणाला. "आज आणलेली बी घालायची का मग?"

"आणलेली साल भरायच्या आत विकत न्हाईत," जळबा म्हणाला. "अन् गोजरबाई याच रस्त्यानं बाजाराला येती. हातगाडीवर दिसू दे तिला, म्हणजे झालं."

बाहेर उन्हं जुन्या दवाखान्याच्या कौलांवरून उतरायला लागली होती. नेमसिंगने घड्याळ पाहिलं, खिशात हात घातला, पण काढला नाही.

"संघाची आणखी एक मशीन हाय," अनुसयाबाई म्हणाल्या.

"कुठली?" नेमसिंगने विचारलं. मग त्याचं त्यालाच कळलं. "ओ वहिनी, ती तुमची हाय. प्रभूभाऊची."

"माझी कुठून? मी भाडं भरते तिचं. रत्नपाल, कोणाची हाय सांग."

रत्नपाल खाली बघत म्हणाला, "संघाची."

"तुमच्या नावावर लिवून टाकू," नेमसिंग म्हणाला. "चार माणसं बसलीत, आत्ताच ठराव करू. कोण इचारायला येतंय?"

"ठराव करून मला फुकट मशीन देता, अन् गोजरबाईला अडीच हजार कमी. असा ठराव करता व्हय?"

जळबा पहिल्यांदा वळला. त्याच्या दुधाळ डोळ्यांना त्यांचा चेहरा कितपत दिसला कोण जाणे. "अनुसये," तो म्हणाला, "तेव्हा बी मशीनीपायी हटून बसली होतीस. आता बी तेच."

"तेव्हा घ्यायला, आता द्यायला. तुमचं काय जातंय, काका?"

"माझं काय जायचं ऱ्हायलंय आता," जळबा म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला. भिंत आता मोकळी होती.

अनुसयाबाईंचं घर खोलीपासून हाकेच्या अंतरावर. भंगारवाला आणि रत्नपाल आत शिरले तेव्हा मशीनवर एक अर्धवट शिवलेला ब्लाउज होता. अनुसयाबाईंनी सुईजवळचा दाब उचलला, कापड काढलं, दोरा दातांनी तोडला. खणातल्या बॉबिन, सुया, खडू, माप घ्यायची फीत, सगळं एका ताटात काढून ठेवलं. भंगारवाल्याने पायडल दाबून पाहिलं. मशीन सुरेख चालली, आवाजसुद्धा नाही.

"बाई, ये तो चालू हालत में है," तो म्हणाला. "इसकू किलो पे नहीं लेता मैं. औंढ्यात देतो कोणाला तरी. दो हजार."

"अडीच."

"बाई, पुरानी है."

"टेलरची मशीन हाय," रत्नपाल म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता. "अडीच म्हटलं ना."

भंगारवाल्याने अडीच दिले. हातगाडीवर सहा मशीनी आडव्या पडलेल्या होत्या, ही सातवी त्याने उभी ठेवली आणि दोरीने बांधली. अनुसयाबाई दारात उभ्या राहिल्या. गाडी वळणापर्यंत गेली, तिथे एका बैलगाडीला वाट द्यायला थांबली, मग गेली. घरात मशीनखालच्या जमिनीचा रंग बाकीच्या जमिनीहून वेगळा होता. त्यांनी केरसुणी घेतली आणि तेवढी जागा झाडून काढली. पुण्याला एका कंपनीच्या खानावळीत काम करणाऱ्या लेकाला फोन करून सांगावं का, असा विचार मनात आला. तो म्हणाला असता, बरं झालं, आता बसून खा. त्यांनी फोन केला नाही.

गोजरबाईने चूल पेटवलेली होती, दिवा अजून लावायचा होता. अनुसयाबाईंना पाहून ती उठली, हात धुतले आणि रीतीप्रमाणे पदर पसरला. अनुसयाबाईंनी एकेक नोट मोजत पदरात घातली. नऊ हजार आठशे. गोजरबाईने मोजले नाहीत. पदराची गाठ मारली आणि कमरेला खोचली.

"बसा की," ती म्हणाली. "चहा ठेवते."

"नको माय. घरी काम पडलंय."

"मशीन कोणाला देणार हाव?"

अनुसयाबाईंनी पदर सारखा केला. "हाय एक शिकाऊ."

"बाप्या का बाई?"

"बाई हाय."

"बरं झालं. बाई जपून वापरती." गोजरबाईने काड्याची पेटी उचलली. "तिला सांगा, तेल घालायला कंजूषपणा करू नको म्हणावं. यांना लई तकलीफ दिली तिनं हिवाळ्यात."

"सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नपालनेच मशीन अनुसयाबाईंच्या घरी आणून दिली. आणताना या वेळी त्याने दुसऱ्या बाजूला कोणाला धरलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. रॉकेल रात्रभर मुरलं होतं, चाक कुरकुरत फिरत होतं. त्याने वही उघडून विचारलं, "मावशी, शिल्लक सगळी संपली, संघ तर आपण बंद करून राहिलो. भाडं कोणाच्या नावानं लिवू?"

"बंद होईस्तोवर संघाच्याच नावानं लिव."

तो गेल्यावर त्यांनी मशीन पुसली, सुई बदलली, तेल घातलं, पुन्हा पुसली. मग तो अर्धवट ब्लाउज घेऊन बसल्या. रुबियाचं पातळ कापड, फिकट आंबा रंगाचं. जवळ्याच्या एका पोरीच्या साखरपुड्याचं काम, संध्याकाळी द्यायचं होतं. दोन बोटं शिवण घातली आणि थांबल्या. कापड चुण्या पडून गोळा होत होतं. दगडोबा सगळं आयुष्य पँटी शिवत आला. जाड कापडासाठी त्याने दोरा ताणणारा पेच कसून ठेवलेला होता.

अनुसयाबाईंनी ती शिवण उसवली. पेच थोडा सैल केला आणि एका चिंधीवर शिवण मारून पाहिली. चिंधी आक्रसली. आणखी थोडा सैल केला. पुन्हा आक्रसली. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेला पेच, एवढ्याने ऐकणार नव्हता. बाहेर कोणीतरी बाई हाक मारत होती, ब्लाउज झाला का म्हणून. "होतोय, होतोय," त्या आतूनच म्हणाल्या, पेचाला हाताने धरलं आणि दुसरी चिंधी दाबाखाली सरकवली.